२६-१२-० म्हणजे बारा पराभव?

२००३-०४च्या प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेतली आर्सेनल संघाची कामगिरी: २६-१२-०. अमेरिकी खेळ बघत वाढलेला माणूस म्हणेल, बारा सामने हरले की! प्रत्यक्षात आर्सेनल त्या हंगामात एकदाही हरलं नाही. इंग्लंडमध्ये क्रम विजय-बरोबरी-पराभव, अमेरिकेत विजय-पराभव-बरोबरी. न्यू जर्सीतल्या भाच्याशी मी यावरून फोनवर तावातावानं भांडलोय, दोघांचंही बरोबर असताना.

म्हणून कुठलाही गुणतक्ता वाचताना आधी पराभवाचा आकडा कुठला, ते शोधा. दोनच आकडे असतील तर प्रश्न नाही, दुसरा तोच. तीन असतील तर खेळ आणि देश बघा. अमेरिकेतल्या एनएचएल आईस हॉकीत जरा जपून: तिथे २००५-०६पासून बरोबरीच नाही. तिसरा आकडा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेल्या सामन्यांचा. हरूनही त्याचा एक गुण मिळतो.

मग गुण लावून पडताळा. आर्सेनलचे विजय २६, प्रत्येकी ३ गुण, झाले ७८, बरोबरीचे प्रत्येकी १ प्रमाणे १२, एकूण ९०. तक्त्यातही ९०च आहेत, म्हणजे आपण नीट वाचलं.

ही पडताळणी कबड्डीत जास्त रंगते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे साखळीत २२ सामने: १७ विजय, २ पराभव, ३ बरोबरी. गुण ९६. तेव्हा विजयाला ५ गुण होते आणि बरोबरीला ३, म्हणजे ८५ अधिक ९, चौऱ्याण्णव. वरचे दोन आले कुठून? सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर एक गुण पदरात पडायचा. थोडक्यात, पलटण दोन्ही सामने थोडक्यातच हरली होती. एकही चढाई न बघता हे कळलं!

आता संघ वर-खाली कशावरून लावलेत ते बघा. बेसबॉलमध्ये विजयाचं प्रमाण, तेही दशांश चिन्हाआधीचं शून्य गाळून: २००१चे सिएटल मरिनर्स ११६-४६, म्हणजे .७१६. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये १९७२पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय, त्यामुळे ९-७-१ हा संघ ९-८च्या वर आणि १०-७च्या खाली बसतो. प्रीमियर लीगमध्ये समान गुण झाले की गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. २०११-१२मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले; सिटीचा फरक +६४, युनायटेडचा +५६, आणि करंडक सिटीकडे गेला.

आयपीएलमध्ये गाडी नेट रन रेटवर अडते. केलेल्या धावांच्या गतीतून दिलेल्या धावांची गती वजा करायची, पण सगळ्या सामन्यांची बेरीज करून. इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. १५.३ षटकं कॅल्क्युलेटरवर तशीच टाकू नका, तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, तेव्हा १५.५ टाका. आणि संघ १५.३ षटकांत १२४वर सर्वबाद झाला, तर भागायचं पूर्ण २०नं. गती ८ नाही, ६.२ येते.