ठाण्याची थंडी वाया जाऊ नये म्हणून

ठाण्यात थंडी पडते, हे नाशिकच्या माझ्या नणंदेला अजून पटत नाही. पडते हो. पण ती रविवार बघून येत नाही आणि आपण मात्र सगळं रविवारवर ढकलतो. म्हणून तयारी आधी हवी.

माझं पहिलं यंत्र म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. सकाळी बाटली उलटी करून थेंब पडला नाही, की गोदड्या काढायच्या आणि दिवसभर उन्हात टाकायच्या, नाहीतर रात्रभर डांबरगोळ्यांचा वास हुंगत झोपावं लागतं. दहा वाजले तरी तेल पातळ होत नसेल, तर थंडी खरी. दुसरी खूण बातम्यांत. हिमाचल-काश्मीरकडे बर्फ पडला आणि आभाळ निवळलं, की दोन-तीन दिवसांत उत्तरेचा कोरडा वारा इथवर पोचतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता. तेवढी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे पंधरा-सोळा झालं तरी लोक मफलर गुंडाळून दूध आणायला निघतात.

आता वेळेचं गणित. ही थंडी दिवसभर टिकत नाही. समुद्राकडचा वारा उशिरा सुटला, तर दुपारी तीस-बत्तीस अंशही होतात. तेव्हा जे काही करायचं ते सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. रात्री उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडक्या उघड्या ठेवा, सकाळी ऊन चढलं की बंद करून पडदे ओढा. घर दुपारपर्यंत गार राहतं. पंखा बंद. आमच्या ह्यांना पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही, म्हणून एकवर ठेवतो. संसारात एवढं चालायचंच.

फिरायला मात्र पहाटे पाचला जाऊ नका, कुणी कितीही कौतुक सांगितलं तरी. थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर-धूळही तिच्याबरोबर खालीच अडकते. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको; त्यांनी रस्त्याकडची खिडकी रात्रीही लावलेलीच बरी. सूर्य थोडा वर येऊ द्या, मग उपवन तलावाला एक फेरी मारा आणि परत येताना वालाच्या शेंगा घ्या.

त्या कशाला? पोपटीला. रायगडात मडक्यात भांबुर्डी या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. पाणी अजिबात नाही. आमच्या गच्चीवर असं काही पेटवलं, तर सेक्रेटरी माझाच हुरडा करतील. म्हणून मी जाड बुडाच्या पातेल्यात शेंगा, जाडं मीठ, भरपूर ओवा आणि तळाला पाण्याचा जेमतेम हबका मारून घट्ट झाकण ठेवते, मंद आचेवर. पाला नसला तर ओव्याची हिरवी पानं. धुराचा वास येत नाही, हे कबूल. पण गरम शेंग फोडायला बोटं गार हवीत, आणि ती सोय तेवढ्या चार दिवसांतच होते.

एक दिवस रजा काढता आली, तर ऐरोलीला जा. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. थंडीत तिथे रोहित पक्षी असतात. ते दाखवायला नेणारी बोट भरती-ओहोटी बघून सुटते, तेव्हा वेळ आधी विचारा. ती दुपारची निघाली तर टोपी न्या, स्वेटर नको. स्वेटर तसाही लोकलमध्ये हातातच राहतो. शाल बरी, घडी करून पिशवीत जाते.

आणि संक्रांत झाली म्हणून गोदड्या लगेच धुवून माळ्यावर टाकू नका. जानेवारीच्या शेवटी बरेचदा आणखी एक खेप होते, आणि तेव्हा शिडी लावायला घरात कुणी तयार नसतं.