मापाचे इनसोल पायांना सरावताना

पायाचा साचा घेऊन बनवलेले इनसोल (बुटाच्या आत तळव्याखाली बसणारी गादी) पहिल्याच दिवशी दिवसभर घालू नका. सुरुवात एका तासाने करा, रोज तासभर वाढवा; पूर्ण सवय व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. आधी बुटातला मूळचा इनसोल काढा. तो तसाच ठेवून वर नवा घातला, की टाच वर उचलली जाते, घसरते आणि बूट चावतो. इनसोलला दोष देण्यापूर्वी हे नक्की तपासा. तळव्याच्या कमानीखाली हलका दाब जाणवणं ठीक. पण फोड, मुंग्या किंवा वाढती कळ आली तर वापर थांबवा. पोडियाट्रिस्टकडून (पायांच्या तज्ज्ञाकडून) इनसोलचा तो भाग घासून घ्या, घरी कापू नका. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघा, कारण बधिर पायाला जखम कळत नाही.