हातानं वेबपान बांधायला बसण्याआधी

सगळ्यात आधी मजकूर. तुम्ही कोण, काय करता, कशाबद्दल सांगावंसं वाटतं, लोकांनी संपर्क कुठे साधायचा, हे एका साध्या फाइलमध्ये शेवटच्या वाक्यापर्यंत लिहून काढा. 'इथे मजकूर येईल' अशा रिकाम्या चौकटी धरून केलेली मांडणी खरा मजकूर आला की मोडतेच. जुनं लिखाण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर ते आत्ताच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणून नीट तपासा. नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला निरर्थक चिन्हांची रांग दिसेल आणि शोधयंत्राला तर काहीच कळणार नाही.

मजकूर हाताशी आला की कागदावर फोनच्या आकाराची उभी चौकट आखून क्रम ठरवा. मोठ्या पडद्याचा विचार नंतर.

हत्यारं दोनच, टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर. वर्ड प्रोसेसरमध्ये कोड लिहू नका. तो सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकतो आणि ब्राउझरला ती कळत नाहीत. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मुख्य फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' (index.html) हे नाव द्या. बाकीची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा जाणवत नाही, पान इंटरनेटवर जिथे ठेवतात त्या लिनक्स सर्व्हरला जाणवतो, आणि घरी दिसणारं चित्र तिथे गायब होतं.

आता फाइलच्या माथ्यावरच्या ओळी. इथे घाई नको. पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारी. ती नसली तर ब्राउझर जुन्या काळच्या नियमांनी पान मांडतो. यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत, जाहीर करा. व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी, ओळ विसरलात तर फोन पान रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. भाषेच्या जागी (lang) मराठीची खूण 'एमआर' (mr) लिहा. त्यामुळे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला उच्चार कोणत्या भाषेत करायचे ते कळतं, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात. मला ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि असंख्य मराठी पानांवर ती नसते.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ओळींची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट धरा. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा लागते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला काँट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, म्हणजे फिकट राखाडी अक्षरांचा मोह सोडायचा. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावर हालचाल घडवणारा कोड, लागणारच नाही बहुधा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेतून जगासमोर ठेवलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्येही उघडते, कारण तिच्यात मजकूर आणि दुवे एवढंच आहे.

फोटो फोनमधून निघाले तसेच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणा, कोडमध्ये लांबी-रुंदी लिहा म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारणार नाही, आणि चित्रात काय आहे ते ऑल्टमध्ये (चित्राच्या वर्णनाची कोडमधली जागा) एका वाक्यात सांगा. फोटोत दडलेली ठिकाणाची नोंद आधी पुसा. घरी काढलेल्या फोटोतून घराचा पत्ता जगाला कळू शकतो. संपर्कासाठी वेगळा ईमेल काढा.

पान ठेवायला गिटहब पेजेस किंवा निओसिटीजसारखी मोफत जागा पुरते. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घेतलंत तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. फोल्डरची मूळ प्रत मात्र स्वतःकडेच ठेवा, आणखी एक वेगळ्या डिस्कवर. १९९४ साली सुरू झालेली, पानं मोफत ठेवू देणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये जपान वगळता बंद झाली, तेव्हा ज्यांच्याकडे प्रत नव्हती अशा अनेकांची पानं तिच्याबरोबरच गेली.

पत्ता लोकांना देण्याआधी वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) फाइल तपासून घ्या, प्रत्येक दुवा दाबून पाहा, आणि पान दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या फोनवर उघडून त्यांनाच वाचायला द्या.