अंडाशयाचा कर्करोग: चाचणीच्या आधी करायच्या गोष्टी

पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणजे अंडाशयही ठीक, असं अनेकजणी धरून चालतात. ती तपासणी गर्भाशयमुखाची. अंडाशयाबद्दल त्यातून काही कळत नाही. तक्रार नसताना दरवर्षी करावी अशी अंडाशयाची खात्रीची चाचणी अजून नाहीच. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर सीए-१२५ (रक्तातल्या एका प्रथिनाची चाचणी) आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं तपासून पाहिली; २०२१ च्या निकालात मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून हेल्थ पॅकेजमधला सीए-१२५ मला पैसे वाया घालवणंच वाटतं.

१. घराण्याची चौकशी करा. आजी, मावशी, आत्या, बहिणी: कुणाला कोणता कर्करोग, कितव्या वर्षी? स्तन, अंडाशय आणि मोठं आतडं यांची खास विचारणा करा. ‘पोटाचा होता’ एवढ्यावर थांबू नका, जुने रिपोर्ट मागा. वडिलांकडची बाजू हमखास राहून जाते, आणि बीआरसीए जनुकातला दोष (यानं स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) वडिलांकडूनही येतो.

२. चौकशीतून आनुवंशिक दोषाचा संशय आला तर जनुकीय समुपदेशन घ्या. शक्य असेल तर आधी आजार झालेल्या नातेवाइकाची चाचणी करावी. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभरातला धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो. एरवी तो एक-दोन टक्के. अशा स्त्रियांना मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० वयात, बीजवाहिन्या आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. पाळी एकदम थांबते. हाडं, झोप, अंगाची लाही या सगळ्याबद्दल ऑपरेशनआधीच बोलून घ्या.

३. गोळ्यांचा विचार डॉक्टरांसोबत करा. पाच वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यास धोका जवळपास निम्मा होतो, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

४. तक्रारी लिहून ठेवा. पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार किंवा घाईची लघवी. नव्यानं सुरू झालेलं यातलं काही महिन्यातून १२ हून जास्त दिवस होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. नोंद अशी असावी: ‘मंगळवार, अर्ध्या जेवणात पोट भरलं, कमरेला कपडा घट्ट.’ पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘गॅस’ सुरू झाला तर नुसत्या गोळीवर भागवू नका.

५. रिपोर्ट एकट्यानं वाचू नका. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५. पाळी, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) यांमध्येही तो वाढतो, आणि सुरुवातीच्या कर्करोगात अनेकदा नॉर्मल असतो. सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली, तर तिला सुई टोचू देण्याआधी स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यचिकित्सकाला दाखवा. गाठ फुटली तर पेशी पोटात पसरू शकतात.