सोळा मुलं, अर्धं मैदान, दीड तास

नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स किंवा खारघरच्या एखाद्या सेक्टरच्या मैदानावर दहा ते बारा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवायला जाणार असाल, तर तयारी आदल्या रात्री कागदावर करा. कागदाच्या डोक्यावर एकच ओळ हवी: उद्या मुलांना कोणती एक गोष्ट जमायला लागली पाहिजे? 'पासिंग' असं लिहू नका, ते फार ढोबळ झालं. 'पास येण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकणं' असं लिहा. ड्रिब्लिंग, शूटिंग, कॉर्नर सगळं एकाच संध्याकाळी कोंबलं की घरी गेलेल्या मुलाला विचारा, आज काय शिकलास? उत्तर येतं, 'मॅच खेळलो.' खाली दोनच शब्द लिहा, जे तुम्ही मैदानावर ओरडणार आहात. वरच्या विषयासाठी 'बघ' आणि 'वळ' पुरेत. तिसरा शब्द सुचला तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.

आता हिशेब, आणि बहुतेक सत्रं इथेच फसतात. सोळा मुलं एका रांगेत, पुढे कोन मांडलेले, प्रत्येकाने वळणं घेत जायचं आणि गोलवर मारायचं. दिसायला शिस्तबद्ध, पालकांना आवडणारं. पण एका मुलाला पंधरा सेकंद लागले, तर त्याची पाळी पुन्हा यायला चार मिनिटं. पंधरा मिनिटांच्या सरावात तो जेमतेम चार वेळा बॉलला पाय लावतो, उरलेला वेळ पुढच्याच्या पाठीत कोपर खुपसत उभा. म्हणून कागदावर प्रत्येक खेळापुढे लिहा: एका वेळी किती जण नुसते उभे आहेत? आकडा चारच्या वर गेला तर तो खेळ खोडा. यूट्यूबवर युरोपातल्या अकादमीचा म्हणून कितीही देखणा दिसला असला तरी खोडा. तिकडे आठ मुलांमागे एक कोच असेल, तुम्ही एकटे आहात.

गट आधीच पाडून ठेवा, आणि एकाच संख्येसाठी नको. सोळा आले तर रोंदोसाठी (कडेच्या मुलांनी आपसात पास देत राहायचं, मधल्या पकडणाऱ्याने बॉल हिसकावायचा) पाच, पाच आणि सहा: दोन चौकोनांत चौघांविरुद्ध एक, तिसऱ्यात चौघांविरुद्ध दोघे. तेरा आले तर पाच, चार, चार. अकरा आले तर सहा आणि पाच. क्लास, युनिट टेस्ट, कुणाच्या तरी मावशीचं लग्न, यामुळे आकडा कधीच नक्की नसतो आणि तो मैदानावर उभं राहून सोडवायला गेलात की पाच मिनिटं जातात. मॅचला एक जण जास्त झाला तर गल्ली क्रिकेटमधला 'कॉमन' वापरा: ज्याच्याकडे बॉल, त्या टीमचा तो. मुलांना समजावून सांगावंसुद्धा लागत नाही.

दीड तास साधारण असा बसतो. पहिली दहा मिनिटं आल्या आल्या बॉल पायाशी, कुणाची वाट न बघता. दोघा-दोघांत पास किंवा एका चौकोनात सगळ्यांनी ड्रिबल. उशिरा येणारा थेट त्यात मिसळतो आणि हजेरीसाठी कुणाला उभं ठेवावं लागत नाही. मग दहा मिनिटं वॉर्मअप. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका, बॉलशिवाय धावणं मुलांना शिक्षाच वाटते. फिफाने लहान मुलांसाठी वेगळा वॉर्मअप तयार केला आहे, 'इलेव्हन प्लस किड्स' नावाचा: एका पायावर तोल सांभाळणं, एका पायावर उड्या, पडताना लोळण घेणं. हे मुलांना खेळच वाटतं. दगडगोट्यांच्या जमिनीवर लोळण मात्र वगळा.

पुढची वीस मिनिटं रोंदो, साधारण आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात. म्हणजे मोठ्या माणसाची आठ-दहा लांब पावलं, टेप आणायची गरज नाही. त्यानंतर वीस मिनिटं दोन मैदानांवर चार विरुद्ध चार, प्रत्येक टोकाला कोपऱ्यांत कोनांचे दोन-दोन छोटे गोल. दोन गोल का, तर एका बाजूला गर्दी झाली की दुसरी मोकळी असते, आणि ती न बघणाऱ्याला दिसतच नाही. विषय खेळातच दडलेला असला की तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. उरलेल्या वेळात साधी मॅच, नियम नाहीत, सूचना नाहीत. 'सर, मॅच कधी?' हा प्रश्न दहाव्या मिनिटापासून येतच असतो. मॅच पंचवीस मिनिटांपेक्षा कमी केली तर पुढच्या वेळी मुलं कमी येतील.

प्रत्येक खेळासमोर दोन बारीक रकाने ठेवा, 'सोपं' आणि 'अवघड'. बॉल सारखा बाहेर जातोय? चौकोन दोन पावलं मोठा करा किंवा पकडणारा एक कमी करा. कुणालाच घाम येत नाही? चौकोन लहान करा, दोनच टच द्या, म्हणजे दोनदा पाय लावून बॉल पुढे द्यायचा. खेळ थांबवून सगळ्यांना उभं करून समजावणं वीस सेकंदांत संपलं पाहिजे, आणि तेही क्वचित. एकाला काही सांगायचं असेल तर त्यालाच बाजूला घ्या, बाकीचे खेळू देत.

सामानात बॉल आधी. मुलं तेवढे बॉल हे आदर्श, निम्मे असले तरी चालतं. या वयाला चार नंबरचा बॉल. पाच नंबरचा, म्हणजे ६८ ते ७० सेंटीमीटर घेराचा, मोठ्यांसाठी. हवा आदल्या रात्री बघा, पंप आणि दोन सुया पिशवीत टाका, कारण एक सुई मोडतेच. तीन रंगांचे बिब (टीम ओळखायला शर्टावर चढवायची बिनबाह्यांची बंडी), तीस-चाळीस चपटे कोन, शिट्टी. शिनगार्ड, म्हणजे नडगीचं संरक्षक कवच, नसलेल्या मुलाला टॅकलच्या खेळात, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढून घ्यायच्या खेळात, घेऊ नका, रडला तरी. प्रथमोपचाराच्या डब्यात क्रेप बँडेज, पट्ट्या, जखम धुवायला स्वच्छ पाणी, ओआरएस. बर्फ थर्मासमध्ये. कुणाला दमा आहे आणि त्याचा पंप कुठल्या कप्प्यात आहे, हे कागदाच्या मागे पालकांच्या फोन नंबरांसोबत लिहून ठेवा.

मैदानावर मुलांच्या अर्धा तास आधी पोचा आणि चालून बघा. आपल्याकडे हा भाग सगळ्यांत कमी केला जातो. गणपती-नवरात्रानंतर मंडप उतरतो, पण खिळे, तारेचे तुकडे आणि बांबूंचे खड्डे राहतात. चार इंचाचा खड्डा गवतात दिसत नाही, घोट्याला बरोबर सापडतो. काचा वेचा, खड्ड्यांवर कोन उलटा ठेवा आणि चौकोन तिथून लांब आखा. हलवता येणारा लोखंडी गोल असेल तर मागे वाळूच्या गोण्या हव्यातच. आडव्या बारला मुलं लोंबकळतात आणि अख्खा सांगाडा पुढे येतो. असे अपघात जगभर झाले आहेत आणि मुलं दगावली आहेत. रविवारी क्रिकेटवाल्यांनी मैदान व्यापलेलं असेल तर वाद घालू नका, एका कोपऱ्यात रोंदो तरी होतोच. बाउंड्री कुठली ते मात्र त्यांना विचारा, टेनिस बॉलसुद्धा डोळ्यावर लागतो.

मैदानाजवळ टॉयलेट कुठे आहे ते बघा. नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. तरी सेक्टरच्या मैदानावर मुली थोड्याच दिसतात. माझ्या मते, दीड तास टॉयलेट नसणं हे त्यामागचं न बोललं जाणारं एक कारण आहे. समोरच्या सोसायटीशी किंवा शाळेशी आधी बोलून ठेवलंत तर दोन-तीन मुली नक्की वाढतील.

हवामानासाठी दुसरा कागद नको, त्याच कागदावर एक ओळ पुरते. ऑक्टोबरमध्ये चारचं सत्र साडेपाचला ढकला, पाण्याचा ब्रेक दर पंधरा-वीस मिनिटांनी. पावसाची सर आली म्हणून थांबू नका, चिखलात मुलं जास्त खूश असतात. विजेचं मात्र वेगळं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागले की सगळ्यांना आत घ्या, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका. पालक कुरकुरतील. कुरकुरू देत.

दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. डोक्याला जोरात लागलं की ते मूल त्या दिवशी परत खेळणार नाही, 'सर, मी ठीक आहे' म्हटलं तरी. पालकांना लगेच फोन आणि डॉक्टरकडे. दुसरं, हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारायचा, सराव या वयात घेऊच नका. इंग्लंड, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी २०२० मध्येच प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून तो काढायला सांगितलं. एखादे बाबा कडेला उभे राहून 'हेड मार, हेड!' ओरडत असतील, तर त्यांना शांतपणे बॉल गोळा करायच्या कामाला लावा.

शेवटची पाच मिनिटं बॉल मोजायला. सोसायटीच्या भिंतीपलीकडे गेलेला बॉल वॉचमन झोपायच्या आत आणावा लागतो. मुलं गेल्यावर त्याच कागदावर लिहा: कुठला खेळ चालला, कुठला पडला, कुणी एकदा तरी मागे वळून पाहिलं. आणि बिब धुवायला आज कुणाच्या घरी जाणार, ते नाव ग्रुपवर टाका, नाहीतर पुढच्या मंगळवारी त्याच वासात खेळावं लागेल.