जुन्या मोटरहोमचे एअर बलून बदलताना

आमची १९९८ ची डिझेल पुशर आहे, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली, घरासारखी राहता येणारी मोठी गाडी, अमेरिकेत अॅरिझोनात उभी असते. गेल्या वर्षी सकाळी बघितलं तर मागची उजवी बाजू चार बोटं खाली बसलेली. ही गाडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर उभी राहते. साबणाचं पाणी मारल्यावर बलूनच्या घडीतून बारीक बुडबुडे यायला लागले. इथे याला एअरबॅग म्हणतात, पण आपल्याकडचे बसवाले बलून म्हणतात तोच शब्द मला बरा वाटतो.

सगळ्यात आधी एक सांगतो, नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली अजिबात जायचं नाही. बलून फुटला की बारा-तेरा टनांची गाडी एका क्षणात खाली येते आणि माणूस चेपतो. मुक्कामाला गाडी समपातळीत आणायचे लेव्हलिंग जॅकसुद्धा यासाठी नाहीत, एक सील गेली की संपलं. सपाट काँक्रीट, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि फ्रेमखाली भार पेलतील असे जॅक स्टँड. मगच हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडा, आणि हाइट व्हॉल्व्हची (गाडीच्या उंचीप्रमाणे बलूनमध्ये हवा भरणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) अ‍ॅक्सलला जोडलेली लिंक, म्हणजे दांडी, सोडून बलूनमधलीही हवा शून्यावर आणा, कारण नुसत्या टाक्या रिकाम्या केल्या तरी बलूनमध्ये हवा राहू शकते.

नवीन बलून घ्यायच्या आधी जुन्यावरची धूळ पुसून नंबर वाचा, फायरस्टोनचा असेल तर डब्ल्यू०१ ने सुरू होतो. नुसतं दिसायला सारखं चालत नाही, पिस्टनची, म्हणजे ज्यावर रबर गुंडाळलं जातं त्या खालच्या बैठकीची, उंची वेगळी निघते. आणि घ्यायचे तर जोडीने घ्या, एक गेला म्हणजे दुसऱ्यानेही तेवढंच ऊन खाल्लंय.

नट गंजलेले असतात म्हणून आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. अॅक्सलखाली जॅक लावून तो हळूहळू सोडा, सगळा भार शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर नको. हवेची नळी काढताना फिटिंगची कॉलर आत दाबून नळी ओढा, टोक खराब असेल तर सरळ काटकोनात कापा. वरचे नट, खालचा पिस्टनचा बोल्ट, बलून बाहेर. नवीन बसवताना स्टडवरचे (बलूनला वर असलेले आट्यांचे दांडे) नट फार कसू नका, मॅन्युअलमधला टॉर्कच, म्हणजे कसण्याचा दिलेला जोरच लावा. आणि बलून गाडीत बसल्याशिवाय त्यात हवा भरू नका, मोकळा बलून उडतो.

आता जिथे माझा अर्धा दिवस गेला ते. अॅक्सल लोंबत असताना हाइट व्हॉल्व्हला वाटतं गाडी उंच आहे, त्यामुळे तो हवा देतच नाही आणि आपण नव्या बलूनवर संशय घेतो. अॅक्सल जॅकने रोजच्या उंचीच्या आसपास आणा, लिंक जोडा, खाली कुणी नाही ना बघा आणि मग इंजिन चालू करा. रबर पिस्टनवर सगळीकडून सारखं गुंडाळतंय ना, एक्झॉस्टला घासत नाही ना हे बाजूने टॉर्च मारून बघा, नाहीतर घडी पडलेल्या बलूनवर गाडी बसते आणि नवा बलून तिथेच कापला जातो.

सगळं झाल्यावर जोडांवर परत साबणाचं पाणी मारा, रात्री दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.