टूरिंगसाठी आणि रोजच्या सायकलसाठी रिम घेताना या चुका टाळा

सायकल घेताना गिअर किती, ब्रेक कुठले, फ्रेम कशाची हे सगळे विचारतात. रिमची चौकशी मात्र क्वचितच होते. मग ताम्हिणी किंवा वरंधा घाटात, भरल्या सामानासकट मागच्या चाकाची तार तुटते, चाक आउट (वाकडं) होऊन ब्रेकला घासू लागतं आणि जवळपास दुकान नसतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वजन बघून रिम घेणं. रेसिंगची रिम साधारण ४००-४५० ग्रॅमची असते, टूरिंगची ५५० च्या पुढे. हे जादा वजन भिंतींच्या जाडीत आणि तारांच्या भोकांभोवतीच्या धातूत गेलेलं असतं, म्हणून ते खुशाल घ्या. डबल वॉल, म्हणजे एकावर एक दोन भिंती असलेली रिमच घ्यावी. ओळखायची कशी? टायर, ट्यूब आणि तारांची भोकं झाकणारी रबरी पट्टी काढून आत बघा. निपलचं (तार रिमला जोडणाऱ्या छोट्या नटाचं) डोकं रिमच्या तळाशी उघडं दिसलं तर ती सिंगल वॉल. डबल वॉलमध्ये निपल वरच्या भिंतीखाली खोल बसलेलं असतं.

दुसरी चूक तारांच्या संख्येत होते. स्वाराचं आणि कॅरियरवरच्या सामानाचं बरंचसं ओझं मागच्या चाकावर येतं. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, त्यामागचं कारण हेच. पॅनियर (कॅरियरच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या) लावून फिरणार असाल तर मागे ३६ तारा हव्यातच, पुढे ३२ पुरतात. बजेट कमी असेल तर पुढची रिम आहे ती राहू द्या आणि पैसा मागच्या चाकावर घाला. फक्त हबची (चाकाच्या मधल्या भागाची) भोकं आणि रिमची भोकं सारखी आहेत ना, ते आधी मोजा.

मापातही फसगत होते. ‘२८ ची रिम’ एवढंच सांगून भागत नाही. जुन्या काळ्या सायकलीची २८ म्हणजे ६३५ मिमी, तर हायब्रिडची ७००सी म्हणजे ६२२ मिमी. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या कडेला ३७-६२२ (रुंदी आणि व्यास, मिमीमध्ये) असा आकडा छापलेला असतो, तोच दुकानात सांगा. आतली रुंदीही विचारा. ३२ ते ४० मिमीच्या टायरला १९ मिमीच्या आसपासची रिम छान जमते. १३-१५ मिमीच्या अरुंद रिमवर जाड टायर चढवला तर वळणावर तो डुलतो, आणि हवा थोडी कमी झाली की खड्ड्यात रिमची कड चेपते.

रिम ब्रेक, म्हणजे रिमलाच रबर घासणारा ब्रेक असेल तर पावसाळा रिम खातो. रस्त्यावरची बारीक खडी ब्रेकच्या रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला ॲल्युमिनियम खरवडलं जातं. भर पावसात दर आठवड्याला रबर बघा, त्यात चमकणारे कण दिसले तर टोकदार सुईने उपसून काढा. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो, तो पुसट झाला की रिम बदलायची. खूण नसेल तर स्टीलच्या मोजपट्टीची कड रिमवर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर आडवी धरा आणि मागून उजेड पाडा. मधून उजेड दिसला म्हणजे तिथे खळगा पडलाय. पातळ झालेली भिंत टायरच्या हवेच्या दाबाने फाटू शकते, आणि ते घाट उतरताना घडलं तर जिवावर बेततं. क्रोमच्या स्टील रिमवर ओल्यात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे शहरातल्या गर्दीत त्या नकोतच. बारमाही सायकल चालवणाऱ्याने डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग ब्रेकमुळे रिम झिजतच नाही.

मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा हबजवळच्या वाकाशी पुन्हा पुन्हा तुटत असतील तर लगेच रिमला दोष देऊ नका. बहुतेकदा ताण कमी किंवा असमान असतो. ढिली तार प्रत्येक फेऱ्याला सैल-घट्ट होत थकते आणि तुटते. नुसता आउट काढून भागत नाही. सगळ्या तारांचा ताण मोजून सारखा करून घ्या. उजव्या बाजूला साधारण १००-१२० किलो ताण लागतो, पण रिमच्या कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडू नका. जास्त ओढलं तर निपलच्या भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात.

ट्यूब आतल्या बाजूने, तारांच्या भोकांपाशी पंक्चर होत असेल तर दोष रबरी पट्टीचा. दाब वाढला की ती भोकात दबते. तिच्या जागी रिमच्या रुंदीची कापडी टेप लावा.

चिरलेली रिम दुरुस्त होत नाही. हब आणि तारा चांगल्या असतील तर त्याच आतल्या व्यासाची (निपल बसतात तिथल्या) नवी रिम जुनीला खेटून टेपने बांधतात आणि एकेक तार नव्या रिममध्ये सरकवतात. व्यासात एक-दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर त्या तारा चालत नाहीत, आणि हा व्यास मॉडेलवरून शोधता येतो, म्हणून जुन्या रिमवरचा मॉडेलचा स्टिकर खरवडून टाकू नका.